विसावी ओळ

१

पानमळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या. आमच्या मळ्याच्या फाटकाशी त्यासाठी एक सपाट दगड टाकलेला आहे. आत मोठ्यानं बोलायचं नाही. बाईमाणसानं आत यायचं नाही. हे नियम कुणी केले ते मला माहीत नाही. नागवेल विटाळ सोसत नाही, एवढंच लहानपणापासून ऐकलं होतं.

बाहेरून मळा एखाद्या मोठ्या बंद खोलीसारखा दिसतो. चारी बाजूंनी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा कूड, आणि वर शेवरी-पांगाऱ्याचा पाला एकमेकांत गुंतलेला. आत पाऊल टाकलं की ऊन तुटतं. पायाखाली गार, ओली माती लागते. भर दुपारीसुद्धा आत हिरवट अंधार असतो, आणि पाच-सहा ओळींपलीकडचं माणूस दिसत नाही. पानांची सळसळ ऐकू येते, तेवढ्यावरून तो कुठं आहे ते ओळखायचं.

आमच्या मळ्यात चाळीस ओळी. वेल वाढेल तसा शेवरीच्या खोडाला बांधत जायचा, याला बांधणी म्हणतात. बांधायला दोरी चालत नाही, लव्हाळ्याची भिजवलेली पात लागते. बांधणीला आम्ही दोघं असायचो, माझे वडील, आप्पा, आणि मी. आप्पा ओढ्याकडच्या टोकाला, चाळिसाव्या ओळीपासून सुरू करायचे. मी फाटकाकडून, पहिल्या ओळीपासून. रोज दोन ओळी त्यांच्या, दोन माझ्या. दिवसभर आम्ही एकमेकांना दिसायचो नाही. दहाव्या दिवशी विसाव्या ओळीत गाठ पडायची. ती ओळ दोघांची. ते त्या बाजूला उभे, मी या बाजूला, मधे वेलांची भिंत. एक वेल ते बांधायचे, एक मी. शेवटचा वेल झाला की पानांतून हात पुढं यायचा आणि उरलेल्या लव्हाळ्याची जुडी माझ्या हातात ठेवायचा. आप्पा म्हणायचे, "झालं का रं?" मी म्हणायचो, "झालं."

माझी गाठ त्यांना कधी पसंत पडली नाही. मी करकचून बांधायचो. आप्पा ती सोडून पुन्हा बांधायचे आणि वेल आणि खोड यांच्यामधे आपलं बोट घालून दाखवायचे. एवढी जागा ठेव, म्हणायचे, त्याला अजून जाड व्हायचंय.

चौथीपर्यंत माझी शाळा झाली, तीही उर्दूत, तेव्हा निजामाचं राज्य होतं. पुढं मळ्यात माणूस कमी पडायला लागलं म्हणून आप्पांनी काढून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. चारचौघांत मला बोलता येत नसे आणि मळ्यात बोलावंच लागत नव्हतं.

२

श्रावणात, बांधणीच्या पहिल्याच दिवशी, निजामाच्या रझाकारांची टोळी आमच्या गावावर आली. अणदूरच्या बाजूनं येतील असं सगळे म्हणत होते. ती ओढ्याकडून आली.

मी पहिल्या ओळीत होतो. आधी पलीकडच्या टोकाला कूड मोडल्याचा आवाज आला, तुराट्या एकदम पुष्कळ मोडाव्यात तसा. मग अनोळखी माणसांचं बोलणं. मग काही तरी जड पडल्यासारखं झालं. आणि मग आप्पांनी मला हाक मारली.

"सिद्राम."

एकदाच. मळ्यात मोठ्यानं बोलायचं नाही, म्हणून तेव्हाही ते मोठ्यानं बोलले नाहीत. रोज भाकरी खायला हाक मारतात तशी ती हाक होती.

मी ओ दिली नाही. हातातली पात खाली टाकली आणि फाटकातून बाहेर आलो. दगडावर माझ्या चपला होत्या, शेजारी आप्पांच्या. माझ्या उजव्या चपलेची वादी आत दुमडली होती. मी वाकलो, बोट घालून ती सरळ केली, चपला पायांत घातल्या आणि मग पळालो.

ते मला अजून चुकवता येत नाही. चपला घालण्याइतका वेळ माझ्याकडं होता.

घरी अव्वा, माझी आई, चुलीपुढं होती. तिनं विचारलं, आप्पा कुठंयत. मी सांगितलं, मागून येतायत. गाव पळत होतं, त्यात आम्हीही मिसळलो. तिसऱ्या दिवशी आम्ही हद्द ओलांडून सोलापुरात वीरप्पामामाकडं पोचलो. तिथं दीड महिना अव्वा रोज संध्याकाळी चाळीच्या दारात उभी राहायची. मागून येतायत, असं मी म्हणालो होतो ना.

३

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. दसऱ्याला आम्ही गावी परतलो.

घराचं दार होतं, त्याची कडी नव्हती. भांडी गेली होती. उखळ मात्र जागेवर होतं. शेजारचा बिराप्पा धनगर आम्हाला बघून आला आणि उंबऱ्यावर बसला. आप्पांचा पत्ता नव्हता. फाटकाजवळच्या विहिरीत माणसं उतरून आली होती, ओढा धुंडाळला होता. काही जण म्हणत, धरून नेलं. काही म्हणत, कुठं तरी असतील, येतील. मी विचारलं, मळ्यात बघितलं का. बिराप्पा म्हणाला, फाटकात उभं राहून हाका मारल्या, कुणी ओ दिली न्हाय.

आत कुणी गेलंच नव्हतं. चपला काढून आत शिरावं असे ते दिवस नव्हते, आणि चपलांसकट आमच्या मळ्यात पाऊल टाकायला बिराप्पासारखा माणूस धजत नाही.

आप्पांच्या चपला दगडावर तशाच होत्या, अंगठे फाटकाच्या दिशेनं. पावसानं चामडं काळं पडलं होतं. त्या घरी आणू का म्हणून मी अव्वाला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, बाहेर आल्यावर त्यांना लागतील.

तिनं कुंकू पुसलं नव्हतं, बांगड्या उतरवल्या नव्हत्या. आमच्यात माणूस गेलं की त्याला मांडी घालून, बसवून पुरतात. बसवायला देहच नव्हता, म्हणून सुतकही नव्हतं. ती रोज तीन माणसांच्या भाकरी करायची आणि तिसऱ्याची शिळी झाली की स्वतः खायची.

मामानं निरोप धाडला. मिलमध्ये सिद्रामला बदली कामगार म्हणून लावतो, गाव सोडा, दुसऱ्या सोमवारी गाडी घेऊन येतो. अव्वा ना हो म्हणाली ना नाही. मी हो म्हणालो. मला तिथून जायचं होतं. मळा बिराप्पाच्या भावाला वाट्यानं द्यायचं ठरलं. पण वेल पावसात सुटून जमिनीवर लोळत होते. असा मळा कुणाच्या हाती द्यायची लाज वाटली. जायच्या आधी दहा दिवस होते. एका माणसाच्या वीस ओळी होतील, उरलेल्या बिराप्पाचा भाऊ बघून घेईल, असा हिशेब करून मी शनिवारी लव्हाळा भिजत घातला.

खरं सांगायचं तर विसाव्या ओळीपलीकडं मला जायचंच नव्हतं.

४

पहिले दोन दिवस काही झालं नाही. वेल उचलायचा, माती झटकायची, खोडाला लावायचा, पात फिरवायची. कुजलेल्या पानांचा वास इतका होता की डोकं जड व्हायचं. आत आवाज फक्त माझा, आणि वर कुठं तरी बुलबुलाचा.

तिसऱ्या दिवशी माझी सहावी ओळ संपत आली तेव्हा लांबून सळसळ ऐकू आली. मी थांबलो, तीही थांबली. मी पुन्हा हात चालवला, पुन्हा आली. वारा म्हणावा तर वरचा पाला स्थिर होता. रानडुक्कर शिरलं असेल, कूड मोडलेला आहे, असं मनाला सांगितलं. डुकरानं वेल उकरले तर बिराप्पाच्या भावाला काय सांगणार, म्हणून बघायला निघालो. कडेच्या वाटेनं ओळी मोजत गेलो. सातव्यापासून विसाव्यापुढंही सगळे वेल जमिनीवर पडलेले. पंचविसाव्यातही तसेच. तिसाव्यात, तेहतिसाव्यातही.

चौतिसावी ओळ बांधलेली होती.

मी एका वेलाजवळ गेलो. लव्हाळा हिरवा, अजून ओला होता. गाठीतून पाण्याचा थेंब लोंबत होता. मी बोट घातलं. वेल आणि खोड यांच्यामधे ते बरोबर मावलं.

पुढं पस्तिसावी, छत्तिसावीही उभी दिसत होती. त्यापलीकडं अंधार होता. मी आणखी पुढं गेलो नाही. मागं वळलो आणि सहाव्या ओळीत येऊन उरलेले चार वेल बांधले. घाई केली म्हणून त्या गाठी सैल पडल्या.

५

रात्रभर मी विचार केला आणि सकाळी उत्तर सापडलं. चाँदपाशाचाचा.

चाँदपाशा तांबोळी आमची पानं घ्यायचा. तीस वर्षं आप्पांचा नि त्याचा व्यवहार, खरं तर दोस्ताना. फाटकाबाहेर बसून दोघं तासन् तास चुना मळायचे. ॲक्शननंतर आमच्या भागात मुसलमान घरांवर वाईट दिवस आले. ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं त्यांचीही घरं जळाली. चाँदपाशाचं घर नुसतं काळं झालेलं मी पाहिलं होतं. तो आणि त्याची बायको ताहेराबी कुठं गेले, कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं, तो आमच्या मळ्यात लपलाय. आत कुणी येत नाही हे त्याला ठाऊक. आप्पांची गाठही त्याला ठाऊक, हजारदा बघितलेली. बसल्या जागी हात चालवत असेल बिचारा.

या विचारानं मला इतकं बरं वाटलं की मी भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून नेला. आठवी ओळ झाल्यावर वाटेनं पुढं गेलो. आता बत्तिसाव्या ओळीपासून बांधलेलं होतं. फडकं तिथं एका फांदीला अडकवलं आणि हळूच म्हणालो, "चाचा, मी आहे. सिद्राम. भिऊ नका, मी कुणाला सांगणार नाही."

सळसळ थांबली. 

दुसऱ्या दिवशी फडकं तसंच होतं. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. आणि ओळ तीस बांधून झाली होती.

मी हिशेब करायला लागलो. करावा लागला नाही, तो लहानपणापासून पाठ होता. रोज दोन माझ्या, दोन तिकडच्या. दहाव्या दिवशी विसावी. दहावा दिवस सोमवार होता. मामा सोमवारी गाडी घेऊन येणार होता.

६

शुक्रवारी दुपारी मी घरी जेवायला गेलो तर ओसरीवर चाँदपाशाचाचा बसलेला.

मी दारातच थांबलो. तो अर्धा झाला होता. दाढी पांढरी झाली होती. अव्वानं त्याला तांब्याभर पाणी दिलं होतं आणि ती खांबाला टेकून उभी होती.

"ये रं," तो म्हणाला. "भूत बघितल्यावानी काय बघतो?"

मी विचारलं, कधी आलात. तो म्हणाला, आत्ताच. महिनाभर ताहेराबीच्या माहेरी होता, आळंदकडं. काल संध्याकाळी तिला घेऊन निघाला, आज पोचला. मी पुन्हा विचारलं, मधे इकडं आला नव्हतात का, मळ्याकडं. त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

"न्हाय बाबा. मळ्यात काय हाय?"

 त्याचे पाय बघत होतो. टाचांना भेगा, त्यांत आळंदच्या वाटेची पांढरी धूळ. आमच्या मळ्याची माती काळी आहे.

अव्वानं त्याला विचारलं, सगळं जळालंय, आता इथं काय म्हणून आलात. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"मेव्हणा म्हणतो हैदराबादेला चल. चांगला हाय बिचारा. पण वैनी, म्या महिनाभर त्याच्या घरात बसलो, आणि रोज इथल्या माझ्या घराकडं पाठ करून बसल्यावानी वाटायचं. जेवताना पाठ, झोपताना पाठ. मान आखडून गेली. ताहेरा म्हणाली, चला, जळालं तर जळालं, एकदा तोंडाकडनं बघू."

"आन बघितलं?"

"बघितलं. लई रडलो. मग तिनं झाडू मागितला. आता राख भरायलीय ती."

अव्वा हसली. दसऱ्यापासून पहिल्यांदा. मग पदर तोंडाला लावून आत गेली.

मी चाचाला मळ्याच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. वाटेत विचारलं, भीती नाही वाटत का. तो म्हणाला, वाटते की, आत्ताही वाटते, ते कोपऱ्यावरचं पोरगं माझ्याकडं बघतंय ना, त्याचीसुद्धा वाटते. दगडावरच्या चपला दिसल्यावर तो उकिडवा बसला. आप्पांच्या चपलेवरची पानं बोटानं बाजूला केली आणि बसूनच राहिला. मला तेव्हा त्याला सगळं सांगायचं होतं. हाक, वादी, सगळं. 

मळ्यातून सळसळ आली. चाचानं मान वर केली.

"आत कोन हाय?"

"कुणी न्हाय," मी म्हणालो.

७

शनिवार, रविवार मी खाली मान घालून काम केलं. आता पुढं जाऊन बघायची गरज नव्हती. आवाज जवळ आला होता. पात ओढल्याचा, दातानं टोक तोडल्याचा. आप्पा पात दातानं तोडायचे. सुरीनं तोडलं की टोक चिरतं म्हणायचे. मधे मधे खोकला आल्यासारखं व्हायचं आणि यायचं नाही.

आपलं डोकं फिरलंय असंही मनात आलं. मीच तिकडून बांधत असेन, शुद्ध नसताना. म्हणून रविवारी सकाळी किती पाती घेतल्या त्या मोजल्या, संध्याकाळी उरलेल्या मोजल्या. माझ्या दोन ओळींना लागतात तेवढ्याच गेल्या होत्या.

सोमवारी दिवस वर आल्यावर मामाची गाडी आली. सामान फार नव्हतं. उखळ, दोन गोधड्या, देव. मामा घाईत होता. अव्वा गाडीजवळ उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "सिद्राम, त्या दिवशी ते तुला काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले? मागून येतो म्हणाले का, का थांबा म्हणाले?"

दोन महिने ती हेच घोळवत असणार. मला तिच्याकडं बघवेना. मळ्यात जाऊन येतो, दोन ओळी राहिल्यात, एवढंच म्हणालो. मामा वैतागला, ज्या मळ्याला आपण रामराम केला त्याच्या दोन ओळी राहिल्या काय नि झाल्या काय. त्याचं चुकत नव्हतं. गाडीत बसायला दहा पावलं होती. पण गाडीत बसलो असतो तर त्या प्रश्नाचं उत्तर कधीच द्यावं लागलं नसतं, आणि ती सोलापुरात जन्मभर दारात उभी राहिली असती.

मी दगडावर चपला काढल्या. आप्पांच्या शेजारी नीट लावून ठेवल्या. उजवी वादी दुमडली होती. ती तशीच राहू दिली.

८

एकोणिसावी ओळ मी एकट्यानं केली. एकविसाव्या ओळीत कुणी तरी काम करत होतं. मधे फक्त विसावीचे पडलेले वेल होते, आणि मी मान वर केली असती तर दिसलं असतं. मी केली नाही.

मग विसावी. पहिला वेल मी उचलला, बांधला. तो उभा राहिल्यावर समोरचं झाकलं गेलं. दुसरा वेल मी उचलला नाही. तो उठला. मातीवरून हळूहळू वर आला आणि खोडाला टेकला. पलीकडून पात फिरली आणि गाठ बसली. मी तिसरा घेतला. चौथा पलीकडून गेला. भिंत चढत होती. माझा घाम मातीत पडत होता, आणि ओल्या कुजल्या वासाच्या आतून मला चुन्याचा वास येत होता.

बाहेरून मामानं हाक मारली. बैल खोळंबलेत.

शेवटचा वेल माझ्या वाट्याचा होता. मी बांधला. पहिल्यांदाच बोटभर जागा ठेवून. आणि पानांतून हात आला नाही. मी वाट बघितली. पलीकडून काहीच आलं नाही, श्वासही नाही. मग खूप लांबून, चाळिसाव्या ओळीच्या तिथून, हाक आली.

"सिद्राम."

तीच. तेवढ्याच आवाजात, भाकरी खायला बोलवावं तशी.

माझे पाय फाटकाकडं वळले. खरंच वळले, पाऊल टाकूनही झालं. मग मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आलो, आप्पा."

विसावी ओळ ओलांडून मी गेलो. एकवीस, बावीस. दोन्ही बाजूंना वेल सरळ उभे होते, एकही सुटलेला नाही. मी मोजत गेलो म्हणून जाऊ शकलो. छत्तीस, सदतीस. इथं कूड मोडलेला होता आणि ओढ्यावरचं ऊन आत पडत होतं. अडतीस, एकोणचाळीस.

चाळिसावी ओळ तेवढी बांधलेली नव्हती. तिचे सगळे वेल कोसळून एका जागी ढीग झाला होता. ढिगाची उंची बसलेल्या माणसाएवढी होती.

मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक वेल बाजूला करायला लागलो. तुटू नयेत म्हणून हळूहळू. काय दिसलं ते सगळं मी इथं लिहिणार नाही. दोन महिने झाले होते. आप्पा पांगाऱ्याच्या खोडाला पाठ लावून बसलेले होते, मांडी घालून, आमच्यात बसवतात तसे. वेलानं त्यांना खोडाशी धरून ठेवलं होतं.

मांडीवर लव्हाळ्याची जुडी होती. अर्धी संपलेली. ती हिरवी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

मी ती उचलून घेतली.

"झालं," मी म्हणालो.

९

त्याच दिवशी आप्पांना तिथंच, चाळिसाव्या ओळीच्या कडेला माती दिली. खड्डा बिराप्पानं आणि चाँदपाशाचाचानं खणला. चपला दोघांनीही बाहेर काढल्या होत्या. चाचानं पुन्हा पुन्हा मला विचारलं, ह्या बाजूच्या ओळी कुणी बांधल्या. मी म्हणालो, माहीत नाही. त्यानं एका गाठीत बोट घालून पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

मी पुन्हा बोट घातलं ते दुसऱ्या दिवशी. लव्हाळा वाळला होता.

त्या सोमवारी संध्याकाळी मी अव्वाला सांगितलं. त्यांनी हाक मारली होती. मी ओ दिली नाही. मी चपला घातल्या. मागून येतायत हे मी माझ्या मनानं सांगितलं. बोलायला मला फार वेळ लागला. ती ऐकत होती आणि एकेक बांगडी उखळाच्या कडेवर फोडत होती. सगळ्या झाल्यावर तिनं काचा पदरात गोळा केल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. मला काही बोलली नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मामाची गाडी रिकामी गेली.

तिसऱ्या दिवशी मी मळ्यात निघालो तर ती मागून आली. फाटकाशी थांबली. आप्पांच्या चपला उचलल्या, एकमेकींवर आपटून त्यांची माती झाडली आणि काखेत घेतल्या. मग स्वतःच्या वाहाणा दगडावर काढल्या. आमच्या मळ्यात कधी बाई आली नव्हती. मी फाटक उघडून धरलं. ती वाकून आत आली आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत उभी राहिली.

"एवढं गार असतंय व्हय आत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्या कुठनं लागू?"

चाळिसावी ओळ अजून जमिनीवर होती. मी जुडीतल्या अर्ध्या पाती तिला दिल्या.

"ओढ्याकडनं," मी म्हणालो. "आणि गाठ मारताना बोटभर जागा ठेव."

ती एकटी कडेच्या वाटेनं गेली. पाच-सहा ओळींनंतर दिसेनाशी झाली. मी पहिल्या ओळीतली माझी करकचून मारलेली गाठ सोडायला हात घातला आणि कान देऊन उभा राहिलो. बराच वेळ काही नव्हतं. मग लांबून सळसळ सुरू झाली. ती नीट होत नव्हती, अडखळत होती, मधेच अव्वाच्या रडण्यानं थांबत होती आणि पुन्हा सुरू होत होती.